भंगारातून लेझर कटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंतची आयटीआयची पोरं, सुतार, रेडियमवाले आणि एकदोन निवृत्त मास्तर हेच प्रश्न फिरून फिरून पाठवतात. प्रश्न शक्यतो त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. ज्याची मशीन आधीच सरकायला लागली आहे त्यानं ११ पासून वाचलं तरी चालेल. ८, ९ आणि १० मात्र कोणीच गाळू नये.

१. भंगारातून लेझर कटर खरंच होते का भाऊ, का नुसतं व्हिडिओत दाखवतात?

होते, पण सगळीच्या सगळी नाही. डोकं इकडून तिकडं सरकवणारा सांगाडा, म्हणजे रॉड, बेअरिंग, बेल्ट, मोटरी, पंखे आणि सप्लाय, हे भंगारात मिळतं आणि चांगलं मिळतं. जुन्या झेरॉक्स मशीनमधल्या रॉडसारखा सरळ रॉड नवा घ्यायचा म्हटला तर चांगलेच पैसे मोजावे लागतात. पण प्रकाश आणि त्यापासून वाचवणाऱ्या गोष्टी, म्हणजे लेझर मॉड्यूल किंवा नळी, चष्मा, अर्थिंग आणि झाकणाचा स्विच, यांत भंगार चालत नाही. कुठं पैसे वाचवायचे आणि कुठं नाही, एवढं एक पक्कं केलं की बाकी सारं पान्या-पेचकसाचं काम आहे.

२. डायोड घेऊ का सीओटू?

पहिली मशीन असेल तर डायोड, म्हणजे लेझर किरण देणारा चिमुकला इलेक्ट्रॉनिक भाग. तो ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळा प्रकाश देतो, १२ किंवा २४ व्होल्टवर चालतो आणि मुठीत मावतो. खऱ्या ५ वॅटचा डायोड ३ मिलिमीटर प्लाय चारदोन फेऱ्यांत कापतो. 'खऱ्या' म्हणण्याचं कारण असं की डब्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा बरेचदा मॉड्यूल किती वीज खाते त्याचा असतो. बाहेर येणारा प्रकाश त्याच्या कितीतरी कमी. दुकानदाराला 'ऑप्टिकल पॉवर किती' एवढंच विचारा आणि उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते पाहा.

सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस भरलेली नळी. तिचा प्रकाश १०,६०० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. ४० वॅटची काचेची नळी साधारण ७० सेंटिमीटर लांब असते, तिला फिरतं पाणी लागतं आणि हजारो व्होल्ट लागतात. पण ३ मिलिमीटर प्लाय ती एका फेरीत कापते, आणि पारदर्शक ॲक्रिलिकही कापते. निळा डायोड पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार निघून जातो, ते कापतच नाही. लोखंड, स्टील, पितळ यांपैकी काहीच घरगुती मशीन कापत नाही, हेही इथंच सांगून टाकतो.

हा सीओटू लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ज्यांनी शोधला ते कुमार पटेल जन्मले बारामतीला आणि शिकले पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात. 'हे काही आपल्याकडचं काम नाही' म्हणणाऱ्या काकांना एवढं ऐकवायला हरकत नाही.

३. भंगारवाल्याकडं जाऊन नेमकं काय मागू?

झेरॉक्स मशीन. तहसील कचेरीसमोर झेरॉक्सची जेवढी दुकानं, तेवढ्या मशीन कधी ना कधी भंगारात येतातच. वरच्या काचेखाली एक सरकती गाडी असते, तिचा गुळगुळीत रॉड आणि तिला ओढणारी स्टेपर (पावलापावलानं फिरणारी) मोटर आपल्याला हवी. रॉड काढला की फरशीच्या गुळगुळीत टाइलवर लोळवून पाहा. वाकलेला असेल तर लोळताना टकटक वाजतो आणि खालून उजेडाची फट दिसते. असा रॉड परत द्या, ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

त्याखालोखाल डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्यात हेड पळवणारी एक आणि कागद ओढणारी एक, अशा स्टेपर मोटरी असतात. इंकजेट घेताना जपून. त्यात हेडसाठी बहुतेक वेळा साधी डीसी मोटर आणि बारीक रेघांची पारदर्शक पट्टी असते. मोटरला दोनच वायरी दिसल्या की ती आपल्या कामाची नाही. जुन्या कॉम्प्युटरचा सप्लाय १२ व्होल्टसाठी उत्तम.

झेरॉक्स उघडताना नाकातोंडाला रुमाल बांधा. आतली काळी पूड फार बारीक असते. ती झटकू नका, ओल्या फडक्यानं टिपा. तालुक्याला माल मिळाला नाही तर नागपूरला बर्डीवर, आणि तिथंही नाही जमलं तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा.

४. डीव्हीडी रायटरचा नाहीतर लेझर प्रिंटरचा लेझर काढून लावला तर?

डीव्हीडी रायटरचा लाल डायोड साधारण पाव वॅटचा. काळा कागद कापतो, लाकडावर फिकी रेघ ओढतो, संपलं. त्याच्या चिमुकल्या स्टेपरची चाल जेमतेम ४ सेंटिमीटर. दोन रायटर जोडून काडेपेटीएवढं यंत्र करता येतं आणि शिकायला ते फार चांगलं. लेझर प्रिंटरचा डायोड तर काही मिलीवॅटचाच असतो, शिवाय त्याचा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. तो कापत काहीच नाही, पण डोळ्याला धोका आहेच. ठेवून द्या.

५. मोटरला कोणाला ४, कोणाला ५, कोणाला ६ वायरी आहेत. कोणती घेऊ?

४ वायरींची सरळ घ्या. जोड्या ओळखायला मीटर नसला तरी अडत नाही: दोन वायरींची टोकं एकमेकींना लावा आणि दांडा बोटांनी फिरवा. अडखळत फिरला तर ती एक जोडी.

६ वायरींचीही चालते. मीटर लावला की तीन-तीनचे दोन गट पडतात. ज्या दोन टोकांत रोध दुप्पट दिसतो ती घ्यायची आणि मधली वायर टेप लावून मोकळी ठेवायची. ५ वायरींची मात्र बाजूला ठेवा. तिच्या मधल्या वायरी आतच एकत्र बांधलेल्या असतात, साध्या ड्रायव्हरवर (मोटरीला करंट देणाऱ्या छोट्या सर्किटवर) ती नीट चालत नाही.

आणखी एक. नव्या मोटरी बहुधा एका फेऱ्याला २०० पावलं टाकतात, पण प्रिंटरमधल्या कित्येक मोटरी ४८ च टाकतात. दोन्ही दिशांना एकसारख्याच मोटरी हव्यात असं नाही, फक्त सेटिंग वेगवेगळं ठेवावं लागतं (प्रश्न ६).

६. कंट्रोलर कोणता? आणि सगळं जोडलं तरी लेझर काऊन पेटत नाही?

आर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), त्यावर सीएनसी शील्ड (वायरी जोडायचा बोर्ड), ए४९८८ चे दोन ड्रायव्हर आणि आत जीआरबीएल १.१ हे मशीन चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर. एवढ्यात भागतं.

लेझर न पेटण्याचं नेहमीचं कारण असं: बाजारात मिळणारी शील्डची तिसरी आवृत्ती जीआरबीएलच्या जुन्या रचनेवर बेतलेली आहे. नव्या जीआरबीएलमध्ये लेझरचा सिग्नल ११ नंबरच्या पिनवर येतो, आणि शील्डवर त्या पिनशेजारी 'झेड एंडस्टॉप' (वरखाली चालीच्या टोकाचा स्विच) छापलेलं असतं. म्हणून लेझरची सिग्नल वायर 'स्पिंडल' लिहिलंय तिथं नाही, झेडच्या एंडस्टॉपवर लावा. त्याच वायरीवरून ग्राउंडला १० किलोओहमचा एक रेझिस्टर टाका. आर्डुइनो सुरू होताना त्याच्या पिना क्षणभर अधांतरी असतात आणि तेवढ्यात लेझर भपकन पेटू शकतो.

मग $३२=१ टाकून लेझर मोड चालू करा आणि फाइलमध्ये लेझर चालू करायला एम३ या आज्ञेऐवजी एम४ वापरा. एम४ मध्ये डोकं कोपऱ्यावर हळू झालं की लेझरही कमी होतो, नाहीतर कोपरे जळून काळे पडतात. मापाचं गणित: २०० पावलांची मोटर, १६ मायक्रोस्टेप (एका पावलाचे १६ भाग), २ मिलिमीटर दात्यांचा बेल्ट आणि २० दात्यांची पुली असेल तर एका मिलिमीटरला ८० पावलं. भंगारातल्या पुलीचे दाते असे सरळ जमत नाहीत. तेव्हा १०० मिलिमीटर सरकायला सांगा, पट्टीनं मोजा आणि त्रैराशिक मांडा.

७. मोटर घरघर करते आणि मधेच पाऊल चुकते. खराब आली का?

बहुतेक नाही. ड्रायव्हरचा करंट कमी पडतो, नाहीतर रॉड घट्ट बसलेत. आधी सप्लाय बंद करून डोकं हातानं सरकवून पाहा. कुठं अडलं तर दोष लोखंडात आहे, विजेत नाही. लोखंड ठीक असेल तर ए४९८८ वरचा छोटा स्क्रू फिरवायचा आणि त्यावरचं व्होल्टेज मोजायचं: करंट गुणिले ८ गुणिले ड्रायव्हरवरच्या रेझिस्टरचं मूल्य. रेझिस्टरवर आर१०० लिहिलं असेल तर तो ०.१ ओहमचा, म्हणजे १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट. भंगारातल्या मोटरवर करंट लिहिलेला नसतो. अर्ध्या अँपिअरपासून सुरू करा आणि मोटरीवर बोट ठेवून दहा मिनिटं चालवा. चटका बसला तर कमी करा. मोटर जोडलेली वायर सप्लाय चालू असताना काढू नका, ड्रायव्हर तिथंच जातो.

८. चष्म्यावर एवढा खर्च काऊन? वेल्डिंगची काच चालत नाही?

चालत नाही. काळा दिसणारा प्रत्येक चष्मा प्रत्येक प्रकाशाला अडवत नाही. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर चौथ्या, म्हणजे सगळ्यांत धोकादायक वर्गात मोडतो. त्याचा थेट किरण तर सोडाच, चकचकीत वस्तूवरून उडालेला किरणही डोळा घालवतो. निळा किरण बाहुलीतून आत जाऊन पडदा जाळतो, आणि पापणी मिटेपर्यंत काम झालेलं असतं. सीओटूचा किरण आत जात नाही, तो बुबुळाचा वरचा पारदर्शक भाग भाजतो.

म्हणून चष्म्यावर तुमच्या लेझरची तरंगलांबी आणि ओडीचा (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे काच किरण किती अडवते त्याचा) आकडा छापलेला हवा. निळ्या डायोडसाठी ४५० नॅनोमीटरला ओडी ५ किंवा जास्त. त्याच्या काचा नारिंगी किंवा लालसर असतात. सीओटूसाठी स्वच्छ पारदर्शक ॲक्रिलिकची खिडकीही पुरते, कारण तो किरण ॲक्रिलिकमध्ये शोषला जातो. हीच खिडकी निळ्या लेझरला लावली तर ती नसल्यासारखीच.

एक चष्मा घेऊन भागत नाही. आपल्याकडं मशीन चालू झाली की गल्लीतली सगळी लेकरं खिडकीत येतात. त्यापेक्षा मशीनला पेटी करा आणि झाकणाला असा स्विच लावा की झाकण उचललं की लेझर बंद. पेटीजवळ स्टीलचं ताट, चकचकीत बिजागरी असलं काही ठेवू नका.

९. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्यावर सीओटूची नळी चालवू का?

नाही. तो साधारण २,००० व्होल्ट देतो आणि करंट एवढा की हात लागला तर माणूस वाचणं कठीण. वर त्यातून कामही होत नाही. ४० वॅटची नळी पेटायला १५ ते २० हजार व्होल्टच्या घरातला, करंट मोजून देणारा सप्लाय लागतो. तो नवाच घ्या. तोही बंद केल्यावर आत भार धरून राहतो, म्हणून प्लग काढून थोडं थांबा आणि अर्थला जोडलेल्या, मूठ झाकलेल्या सळईनं टोक टेकवून मगच हात घाला. एकट्यानं घरी असताना हे काम करायचं नाही.

१०. घरी अर्थिंग नाही. न्यूट्रललाच जोडलं तर?

नको. खांबावर न्यूट्रल तुटली की मशीनचा सगळा पत्रा जिवंत होतो. वेगळा खड्डा घ्या: पाइप नाहीतर तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइप सोडून देते. पावसाळ्यात केलेलं अर्थिंग एप्रिलात मेलेलं असतं ते यामुळेच. उन्हाळाभर त्यात पाणी ओतत राहा आणि वायरमनकडून टेस्ट लॅम्पनं तपासून घ्या. सोबत ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवा.

११. काम चालू असताना लाइट गेली तर?

लाइट जाण्यापेक्षा ती परत येणं जास्त त्रासाचं. लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो आणि आर्डुइनोला यूएसबीवरून वीज मिळत राहते, म्हणून तो पावलं मोजतच राहतो. मोटरी मात्र थांबलेल्या. लाइट आली की डोकं भलत्याच जागेवरून पुढं कापायला लागतं. तेव्हा लाइट गेल्याबरोबर सॉफ्टवेअरमध्ये रीसेट दाबा आणि मेन स्विच हातानं बंद करा. आल्यावर पुन्हा शून्यावर आणायचं आणि नवा तुकडा लावायचा.

व्होल्टेज कमी असतं म्हणून सप्लायमागचा लाल स्विच ११५ वर सरकवायची युक्ती काही जण सांगतात. रात्री शेतातले पंप बंद झाले की व्होल्टेज वर जातं आणि सप्लाय फुटतो. स्विच २३० वरच ठेवा, पाहिजे तर स्टॅबिलायझर लावा.

१२. मे महिन्यात सीओटू चालते का? आमच्याकडं ४५ डिग्री असते.

नळीचं पाणी १५ ते २५ डिग्रीत राहायला हवं. मेमध्ये बादलीतलं पाणी सावलीतही त्याच्या वर जातं. मोठा ड्रम घ्या आणि डीप फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बाटल्या त्यात सोडत राहा. काम पहाटे उरका. कोरड्या हवेत मातीचा रांजणही चांगली साथ देतो. ज्या कारणानं आपल्याकडं कूलर चालतो त्याच कारणानं रांजणातलं पाणी पंचविशीच्या आसपास उतरतं.

पंप कूलरचाच वापरा. घरोघरी एखादा जुना पडलेला असतोच. त्याची वायर सोलवटलेली नको आणि तो ईएलसीबीमागेच हवा (प्रश्न १०). बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातल्या क्षारांनी नळीत पांढरा थर बसतो आणि असं पाणी वीजही वाहून नेतं. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर कॅनमध्ये मिळतं. मागताना 'बॅटरीचं पाणी' म्हणा आणि लेबल वाचून घ्या, शेजारीच ॲसिडचे कॅन असतात.

डायोडवाल्यांना पाण्याची भानगड नाही. फक्त पंख्यातला कापूस आणि धूळ काढत राहा, तापलेला डायोड कमी प्रकाश देतो आणि लवकर मरतो.

१३. मग पावसाळ्यात तर आरामच ना?

उलट. जुलैत हवा इतकी ओली असते की १८ डिग्रीचं पाणी फिरवलं तर नळीवर दव धरतं. त्या ओलाव्यावरून हजारो व्होल्ट सरपटत जाऊन पत्र्यावर ठिणगी मारतात. त्या दिवसांत बर्फाच्या बाटल्या बंद. नळीला हात लावू नका, नुसतं बघा. काच धुरकट दिसली तर बंद करा आणि पाणी खोलीच्या जवळपास येऊ द्या.

१४. मशीन माजघरात ठेवली तर? सध्या तिथं कापूस भरून आहे.

कापूस विकेपर्यंत मशीन चालू करू नका, मग माजघर असो की शेजारची खोली. भाव वाढेल म्हणून घरोघरी छतापर्यंत कापूस रचलेला असतो, आणि त्याची रुई हवेत तरंगून पंख्यातून थेट कापण्याच्या जागी येते. कापसात ठिणगी शिरली तर ती आत तासन् तास धुमसते आणि वरून काही कळत नाही. कोठ्यात, कुटाराजवळ किंवा पऱ्हाटीच्या ढिगाशेजारीही तेच. सिमेंटच्या फरशीची मोकळी खोली बघा.

कापूस नसला तरी मशीन चालू असताना उठून जायचं नाही, चहा प्यायलाही नाही. आग लागलीच तर आधी मेन स्विच, मग बाकीचं. सीओटूचं छोटं अग्निशामक भिंतीला लटकवून ठेवा.

१५. रेक्झिन, फ्लेक्स, पीव्हीसी पाइप कापू का?

नाही. तिन्हींत क्लोरीन असतं. जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसाला लागतो आणि रॉड-बेअरिंगला काही दिवसांत गंज चढवतो. प्लास्टिक कोणतं ते कळत नसेल तर उघड्यावर, धूर आपल्याकडं येणार नाही अशा बाजूला उभं राहून तांब्याची तार तापवा, प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्वाळेत धरा. ज्वाळा हिरवी झाली की ते प्लास्टिक मशीनजवळ आणायचं नाही. एबीएस प्लास्टिक कापलं जाण्यापेक्षा वितळतंच जास्त. कागद, पुठ्ठा, सुती कापड, लाकूड, बांबू चालतात.

१६. धूर कुठं सोडू? आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरची हवा चालते का?

धूर पाइपानं घराबाहेर सोडा, शेजाऱ्याच्या खिडकीत नाही. जुन्या कूलरचा किंवा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा पुरतो, पण तो पाइपाच्या बाहेरच्या टोकाला लावा. म्हणजे पाइपाला भोक असलं तरी धूर घरात गळत नाही.

कापण्याच्या जागी हवेची बारीक फुंकर असली की ज्वाळा धरत नाही आणि काठ स्वच्छ येतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर ती छान देतो, आवाजही कमी. पण तो हवेबरोबर तेलाचे कण फेकतो. मधे फिल्टर नसेल तर ते लेन्सवर बसून जळतात आणि लेन्स तडकते. भंगारातला फ्रिज स्वतः कापू नका, गॅस काढणारा मेकॅनिक बोलवा. सीओटूची लेन्स झिंक सेलेनाइडची असते. ती फुटलीच तर तुकडे हातमोजे घालून उचला, पूड विषारी आहे.

१७. मराठी नावाची पाटी कापली की टिंब पडून जाते. इंग्रजीला असं होत नाही.

इंग्रजीतही छोट्या आयचं (i) टिंब पडतंच, लक्षात येत नाही एवढंच. आपल्या लिपीचा फायदा असा की शिरोरेषेमुळं अख्खं नाव एका तुकड्यात निघतं. पण अनुस्वार, विसर्ग आणि नुक्ता सुटे पडतात. ते बारीक दांडीनं शिरोरेषेला जोडून द्या, नाहीतर मागं पातळ प्लायचा तुकडा लावून चिकटवा.

दुसरी तक्रारही इथंच निकालात काढू. अक्षर आणि अक्षर यांच्यामधे शिरोरेषेवर काप येतो, कारण प्रत्येक अक्षर वेगळी आकृती आहे आणि टोकं एकमेकांवर चढलेली आहेत. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं आधी 'पाथ' (आकृती) करा, सगळी निवडून 'युनियन' मारा. बाहेरची एकच रेघ उरली पाहिजे. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधली फाइल आणायची असेल तर तिथंच कर्व्ह करून घ्या. तो फॉन्ट तुमच्याकडं नसेल तर नावाच्या जागी भलतीच चिन्हं येतात.

१८. जुनी सीओटू नळी स्वस्तात मिळते. घेऊ?

चालू करून, मिलीअँपिअरचा मीटर लावून आणि समोर लाकूड जाळून दाखवत असेल तरच, आणि तेही अगदी पडत्या भावात. या नळ्या कपाटात ठेवूनही म्हाताऱ्या होतात. आतला गॅस बिघडतो आणि जांभळा-गुलाबी उजेड दिसला तरी किरण कमजोर निघतो.

१९. तान्ह्या पोळ्याला लेकरांसाठी प्लायची बंडी (बैलगाडी) आणि नंदी करायचे आहेत. खाचा ढिल्या बसतात.

लेझर रेघेच्या जागचं थोडं लाकूड खातो, बहुधा ०.१ ते ०.२ मिलिमीटर. तुमचा आकडा काढायला एकाच पट्टीतून दहा तुकडे कापा, परत एकमेकांना टेकवून ठेवा आणि एकूण लांबीत किती घट आली ते नऊनं भागा, कारण दहा तुकड्यांना काप नऊच लागतात. तेवढं माप प्रत्येक खाचेतून कमी करा. खाच प्लायच्या जाडीएवढी ठेवतानाही 'तीन एमएम' या शब्दावर जाऊ नका, व्हर्निअरनं मोजा. दुकानातला तीन एमएम कधी २.७ असतो, कधी ३.२.

प्लाय एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या, साध्या) ग्रेडचाच मागा. पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा काळा डिंक लेझरला दाद देत नाही. अलापल्लीचं सागवान कोणी हौसेनं देतं, पण जाड सागाला डायोड पुरा पडत नाही. त्यावर नक्षी जाळा, कापायला सुताराची करवत. बांबूच्या कामट्या सुंदर कापल्या जातात, फक्त पेर टाळा. आणि पोळा भर पावसाळ्यात येतो, तेव्हा प्लाय आठवडाभर आधी आणून खोलीत आडवा, वर वजन ठेवून राहू द्या. वाकलेल्या प्लायवर एका कोपऱ्यात फोकस बरोबर आणि दुसऱ्यात चुकलेला, अशी बंडीची चाकं निघतात.